कारमागच्या इवल्याशा घराची भिंत : उष्णतेच्या पाठासाठी एक वेगळं उदाहरण



उष्णतेचा पाठ शिकवताना आपली उदाहरणं ठरलेली असतात. चहातला चमचा, समुद्राकाठचे वारे, थर्मास. मुलं वहन, अभिसरण, प्रारण हे शब्द घडाघडा म्हणतात. पण "थंडी आत येऊ नये म्हणून भिंत कशी बांधाल?" असं विचारलं की निम्म्या वर्गाचं उत्तर येतं, "जाड लाकडाची." उरलेले म्हणतात, "लोखंडाची, म्हणजे मजबूत होईल." म्हणजे सुवाहक-दुर्वाहक हे शब्द पाठ झाले, पण भिंत बांधायची वेळ आली की ते कामाला येत नाहीत.

म्हणून आज एक असं उदाहरण घेऊन आलोय ज्यात खरोखर भिंत बांधायची आहे, ती सुद्धा घरच्या घरी, हाताने. अमेरिकेत हौशी लोक कारच्या मागे ओढायची एक छोटी झोपायची गाडी स्वतः बनवतात. तिला तिथे टिअरड्रॉप म्हणतात, म्हणजे अश्रूचा थेंब. या गाडीची बाजूची भिंत कशी उभी करतात ते नीट समजून घेतलं तर त्यात उष्णतेचं वहन येतं, बाष्पाचं पाणी होणं येतं, क्षेत्रफळ-शेकडेवारी येते, सममितीसुद्धा येते. एका भिंतीत चार पाठ.

आधी गाडी कशी असते ते बघू

आपल्याकडे ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडतात ना, तशी ही कारमागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली. तिला स्वतःचं इंजिन नाही. वर एक लाकडी खोकं. पुढून गोल, मागे उतरतं होत गेलेलं. आत फक्त दोन माणसं झोपतील एवढी जागा, उभं राहता येत नाही. मागच्या बाजूला डिकीसारखं झाकण वर उचललं की खाली छोटं स्वयंपाकघर. स्वयंपाक करणारा माणूस बाहेर जमिनीवर उभा राहतो.

अशा गाड्या तिथे १९३० च्या दशकात दिसू लागल्या आणि दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपल्यावर त्यांना बहर आला. घरी बनवण्याचे आराखडे तिकडच्या कारागिरीच्या मासिकांमध्ये छापून येत. युद्धातून उरलेलं ॲल्युमिनियम, जीपची चाकं असा स्वस्त माल बाजारात होता. पुढे मोठ्या गाड्या आल्या आणि या मागे पडल्या, पण गेल्या काही दशकांत हौशी लोकांनी त्या पुन्हा बनवायला घेतल्या आहेत.

जाता जाता एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. पावसाचा खरा थेंब अशा टोकदार आकाराचा नसतोच. लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, पावासारखा. टोकाचा थेंब आपण चित्रात काढतो तेवढाच.

जुन्या गाडीचं माप सहज लक्षात राहतं: आठ फूट लांब, चार फूट उंच, चार फूट रुंद. कारण प्लायवूडची शीट तिथेही आठ बाय चारचीच मिळते, आपल्या सुताराकडे मिळते तशीच. एका शीटमध्ये एक बाजू. भिंतीचा आकार आधी शीटच्या मापाने ठरला, सौंदर्याचा विचार नंतर. मुलांना हे आवर्जून सांगावं, कारण गणिताच्या पुस्तकात मापं आकाशातून पडल्यासारखी येतात.

नुसता जाड प्लाय का नको?

सगळ्यात सोपी भिंत म्हणजे पाऊण इंच, साधारण १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय कापायचा आणि उभा करायचा. जुन्या काळात पुष्कळांनी असंच केलं आणि आजही करतात. मजबूत असतं, काम लवकर होतं. पण रात्री बाहेर पाणी गोठायची थंडी पडली की आतली भिंत गार पडते आणि तिला घाम सुटतो.

कुठल्या पदार्थातून उष्णता किती सहज जाते याची एक संख्या असते, तिला उष्णता वाहकता म्हणतात. संख्या जितकी लहान तितकी उष्णता कमी जाते. स्थिर हवेची सुमारे ०.०२५. आपल्या नेहमीच्या थर्माकोलची ०.०३५ ते ०.०४. अमेरिकेत भिंतीत भरायला निळा किंवा गुलाबी रंगाचा घट्ट फोमचा बोर्ड मिळतो, त्याला एक्सपीएस म्हणतात. तो थर्माकोलचाच भाऊ, फक्त दाणेदार नसतो. त्याची सुमारे ०.०३. लाकूड आणि प्लाय यांची ०.१२ च्या आसपास. काचेची साधारण १. आणि ॲल्युमिनियमची २०० च्या वर.

या आकड्यांकडे बघितलं की मुलांच्या मनातला एक घोळ सुटतो. लाकूड दुर्वाहक आहे हे खरंच, पण फोमच्या मानाने ते चौपट उष्णता जाऊ देतं. दुर्वाहकांमध्येही क्रम असतो. आणि फोमचा गुण फोमचा नाहीच मुळी, तो त्याच्या पोटात कोंडलेल्या वायूचा आहे. आजीची गोधडी का ऊबदार? कापडांच्या थरांत हवा अडकलेली असते म्हणून. गोधडी स्वतः उष्णता देत नाही, अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तीच गोधडी बर्फाच्या लादीला गुंडाळली तर बर्फ लवकर वितळणार नाही. बर्फवाले लादी भुशात ठेवत, ते याचसाठी. (हा प्रश्न परीक्षेत जरूर विचारावा. "गोधडीत बर्फ गुंडाळला तर?" निम्मी मुलं म्हणतात, लगेच वितळेल.)

सांगाडा, फोम आणि दोन कातड्या

तर मग नुसत्या फोमचीच भिंत का करत नाहीत? कारण फोमला स्क्रू धरत नाही. बोट दाबलं तर खड्डा पडतो. दार लटकवायचं कशावर, छताचे वासे टेकवायचे कशावर?

यावरचा उपाय म्हणजे तीन थरांची भिंत. आत पातळ प्लाय, साधारण ५ मिलिमीटरचा. मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर जाडीचा, आणि त्या पट्ट्यांमधल्या खणांत तेवढ्याच जाडीचा फोम. बाहेर पुन्हा पातळ प्लाय, किंवा प्लायवर ॲल्युमिनियमचा पत्रा. वर्गात समजवायला खोक्याचा पुठ्ठा फाडून दाखवा. दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद. सुटा कागद लगेच वाकतो, तिन्ही मिळून पुठ्ठा ताठ राहतो. आपल्या घरातलं फ्लश डोअरही असंच असतं, वरून सपाट आणि आत पट्ट्यांची चौकट.

ताठपणा येतो तो दोन कातड्या एकमेकींपासून लांब ठेवल्यामुळे. भिंत वाकायला लागली की एका बाजूची कातडी ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. दोन्ही मधल्या थराला पक्क्या चिकटलेल्या असल्यामुळे सहज सरकत नाहीत. म्हणून या भिंतीत खिळ्यांपेक्षा गोंदाचं काम मोठं आहे.

वजनाचा हिशोबही मुलांकडून करून घेता येतो. आठ बाय चार फूट म्हणजे सुमारे २.९७ चौरस मीटर. १८ मिलिमीटरचा भरीव प्लाय या मापाचा साधारण २९ किलो भरतो. तीन थरांच्या भिंतीत ५ मिलिमीटरच्या दोन कातड्या मिळून १६ ते १७ किलो, लाकडी पट्ट्या सात-साडेसात किलो (पट्ट्यांनी पाव जागा व्यापली असं धरून) आणि फोम जेमतेम सव्वा किलो. झाले २५ किलो. जाडी १८ ची २९ मिलिमीटर झाली, वजन मात्र कमी झालं. अख्खी गाडी ४०० ते ६०० किलोची आणि ती साध्या कारने ओढायची, त्यामुळे दोन भिंतींमागे वाचलेले सात-आठ किलो त्या माणसाला मोलाचे असतात.

पट्टी कुठे हवी, कुठे नको

या कामातला विचार करायला लावणारा भाग हाच. पट्टी जास्त टाकली तर भिंत मजबूत पण गार. कमी टाकली तर ऊबदार पण पोचट. म्हणून प्रत्येक पट्टीला विचारायचं, तू इथे कशाला आलीस?

कडेने पूर्ण फेरा लाकडाचा हवाच. वरच्या वळणावर छताचे आडवे वासे येऊन टेकतात, खालच्या कडेला तळाची फळी स्क्रूने धरायची असते. वळण आहे तिथे सरळ पट्टी वाकत नाही, त्यामुळे तिथले तुकडे प्लायमधूनच वळणाच्या आकारात कापून घेतात आणि ते जरा रुंद होतात. मग झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली आडभिंत जिथे येणार त्या रेषेवर एक उभी पट्टी. आत फळी ठोकायची असेल तिथे एक. मागच्या झाकणाचा बिजागर येतो तिथे भक्कम तुकडा. चाकावरचा मडगार्ड अडकतो तिथे, बाहेरचा दिवा बसतो तिथे, एकेक ठोकळा. कातडी चिकटवून झाली की आतलं काहीच दिसत नाही. म्हणून जाणती माणसं आतल्या कातडीवर पेन्सिलने सगळा नकाशा काढून त्याचा फोटो काढून ठेवतात. आपण घरात भिंतीत खिळा ठोकताना वायर कुठून गेलीय ते आठवत बसतो, तसं होऊ नये म्हणून.

दाराची गोष्ट सगळ्यात छान आहे. भिंतीतून दाराच्या आकाराचं भोक कापायचं आणि कापलेला तुकडाच दार म्हणून वापरायचा, अशी तिथे पद्धत आहे. आकार तंतोतंत जुळतो. पण तीन थरांच्या भिंतीत हे करायचं तर दाराच्या रेषेच्या दोन्ही अंगांना लाकूड पाहिजे. आतल्या अंगाचं लाकूड दाराची कड होणार, बाहेरच्या अंगाचं चौकट होणार, आणि करवत दोघांच्या मधून जाणार. एकच अरुंद पट्टी टाकली तर करवत फिरल्यावर एका बाजूला फोम उघडा पडतो, आणि बिजागराचा स्क्रू फोममध्ये जातो. म्हणजे दार कुठे, केवढं, कुठल्या बाजूला उघडणार, हे गोंदाची बाटली उघडायच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

आता वर्गातलं गणित. सोपं जावं म्हणून भिंत आयताकृती धरा, ९६ इंच बाय ४८ इंच. क्षेत्रफळ ४६०८ चौरस इंच. कडेने दीड इंच रुंदीची पट्टी फिरवली तर आतला आयत ९३ बाय ४५ उरतो, म्हणजे ४१८५. वजाबाकी केली की कडेच्या पट्टीचं क्षेत्रफळ ४२३ चौरस इंच. आता दर १६ इंचांवर एक उभी पट्टी. ९६ ला १६ ने भागलं तर ६ येतात, पण पट्ट्या मात्र ५ लागतात. (इथे मुलं हमखास अडखळतात, कुंपणाच्या खांबांसारखंच आहे हे. फळ्यावर काढून मोजायला लावा.) पाच पट्ट्यांचे ३३७.५ चौरस इंच. एकूण साडेसातशेच्या थोडं वर, म्हणजे साडेसोळा टक्के भिंत लाकडाची. दाराच्या दुहेरी पट्ट्या, वळणाचे रुंद तुकडे, ठोकळे धरले की हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास जातं.

पाव भिंत लाकडाची, तिच्यातून उष्णता किती जाते? कागदावर मांडून बघितलं. भिंतीला लागून असलेल्या हवेच्या पातळ थराचा रोध धरला, तर फोमच्या जागी भिंतीचा एकूण रोध साधारण ०.८८ येतो आणि पट्टीच्या जागी ०.४ च्या आसपास. यावरून हिशोब केला की पाव जागा व्यापणाऱ्या लाकडातून एकूण उष्णतेच्या ४२ टक्के उष्णता बाहेर जाते. उरलेल्या पाऊण भिंतीतून ५८ टक्के. लाकडाच्या पट्ट्या म्हणजे उष्णतेसाठी बांधलेले पूलच. एकही अनावश्यक पट्टी नको, ती का हे या आकड्यात दिसतं. पट्टीऐवजी लोखंडी अँगल घातला तर काय होईल, ते मुलांनाच सांगू द्या.

नावाचं माप आणि खरं माप

अमेरिकेत दुकानात एक बाय दोन इंच म्हणून जी पट्टी मिळते ती प्रत्यक्षात पाऊण बाय दीड इंच भरते. रंधून, वाळवून उरलेलं माप ते. फोमचा पाऊण इंची बोर्ड पाऊण इंचच असतो, त्यामुळे पट्टी आणि फोम एका पातळीत येतात. पण कुणी सांगाडा पट्ट्यांऐवजी पाऊण इंची प्लायमधून कापला, तर तो प्लाय खरा भरतो १८ मिलिमीटरच्या जरा वर, आणि फोम १९. पाऊण मिलिमीटरचा फरक. एवढ्याने काय होतं? फोम वर राहतो, कातडी सांगाड्याला नीट टेकत नाही, गोंद धरत नाही आणि भिंत पोट सुटल्यासारखी दिसते. मग फोम घासून उतरवत बसावं लागतं. "अंदाजे बरोबर आहे ना सर?" असं विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्यावं. आपल्याकडेही सुतार प्लाय आणल्यावर गेजने जाडी तपासतो, छापलेल्या आकड्यावर विसंबत नाही.

बनवण्याचा क्रम

सुरुवात साच्याने. एका पातळ शीटवर भिंतीचा पूर्ण आकार पूर्ण मापात काढतात. वळण काढायला लवचिक लाकडी पट्टी दोन-तीन खिळ्यांना टेकवून वाकवतात, आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवतात. हाताने काढलेल्या वळणात गाठी येतात, पट्टी स्वतः वाकते तेव्हा येत नाहीत. साचा कापून, घासून एकदम साफ करायचा, कारण दोन्ही भिंती याच्यावरून निघणार.

मग सपाट जमिनीवर सांगाडा जुळवायचा. जमीन खरंच सपाट हवी. पिळलेल्या जागेवर चिकटवलेली भिंत कायमची पिळलेली राहते, तीन थर वाळल्यावर तिला कुणी सरळ करू शकत नाही. सांगाड्याला आतली कातडी चिकटवायची, उलटवायचं, खणांत फोम बसवायचा. फोम घट्ट हवा, पण कोंबलेला नको. फटी राहिल्या तर कमी फुगणारा फोमचा फवारा मारून भरतात, फुगून वर आलेला वाळल्यावर कापतात. दिव्यांच्या वायरी याच टप्प्यावर टाकून घ्यायच्या. शेवटी बाहेरची कातडी, आणि वर विटा, वाळूच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, जे मिळेल ते वजन. वाळल्यावर साच्याबरहुकूम कडा साफ.

इथे सममितीचा धडा आहे. डावी भिंत आणि उजवी भिंत एकाच साच्यातून निघतात, पण त्या सारख्या नसतात, आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात. साचा एकाच बाजूने ठेवून दोन्हीला आतली चांगली कातडी चिकटवली तर एका भिंतीची आतली बाजू रस्त्याकडे येते. मुलांना कागदाचे दोन सारखे थेंब कापून द्या आणि "गाडीच्या आतली बाजू रंगवा" म्हणा. दोन्ही उभे करून समोरासमोर धरले की कुणाचं चुकलं ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

गोंदाबद्दल थोडं. लाकडाला लाकूड चिकटवायला पाणी सहन करणारा लाकडाचा गोंद चालतो. फोमला मात्र सॉल्व्हंटचा वास येणारा, बूट चिकटवायच्या सोल्युशनसारखा गोंद लावला तर फोम विरघळतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब थर्माकोलवर टाकला की खड्डा पडतो, तेच. (दाखवायचं असेल तर शिक्षकांनी स्वतः, उघड्या जागी, आगीपासून लांब दाखवावं. मुलांच्या हातात बाटली देऊ नये.) म्हणून फोमसाठी चालणारा गोंद वेगळा घेतात.

वायरींचं तर आणखी मजेदार आहे. कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. दोघांचे ठसे एकमेकांत उमटतात. खोडरबर पीव्हीसीचा असेल तर तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येऊन पट्टीचं प्लास्टिक मऊ करतं. पीव्हीसी वायर आणि पॉलिस्टायरीनचा फोम एकमेकांना टेकून वर्षानुवर्षं राहिले की तेच होतं. वायरीच्या आवरणातलं ते द्रव्य फोममध्ये जातं आणि वायरीचं आवरण कडक, ठिसूळ होतं. बंद भिंतीत हे दिसणारही नाही. म्हणून वायरी नळीतून नेतात.

भिंतीला घाम कुठून येतो

आता पाण्याकडे येऊ. यात त्या दोन माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

झोपलेला मोठा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. ४० धरा. दोन माणसं, आठ तास: ६४० ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या वर. झोपायच्या जागेचं आकारमान अडीच घनमीटरच्या आसपास. १८ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १५.४ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे सगळ्या खोलीत ३८ ग्रॅम. यायचेत ६४०. उरलेलं जाणार कुठे? जिथे गार पृष्ठभाग असेल तिथे पाणी होऊन बसणार.

आत १८ अंश, बाहेर ० अंश आणि आतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल तर साधारण साडेबारा अंशांना दव पडायला लागतं. आता आतल्या पृष्ठभागाचं तापमान बघा. नुसता ६ मिलिमीटरचा प्लाय असेल तर सुमारे ७ अंश. ओघळ लागतील. तीन थरांच्या भिंतीत फोमच्या जागी १५ अंशांच्या वर, कोरडं. आणि पट्टीच्या जागी १२ च्या जरा वर, म्हणजे दवबिंदूच्या किंचित खाली. म्हणून अशा गाडीत थंड सकाळी आतल्या भिंतीवर ओलसर उभ्या रेघा दिसू शकतात. आतला सांगाडा पाण्याने रेखून दाखवल्यासारखा! लपवलेली पट्टी कुठे आहे ते भिंतच सांगते.

हा घाम दिसतो तोवर ठीक, पुसता येतो. धोका न दिसणाऱ्या पाण्याचा. फोम आणि पट्टी यांत फट राहिली, किंवा आतल्या प्लायला दिव्यासाठी पाडलेलं भोक तसंच उघडं राहिलं, तर दमट हवा भिंतीच्या पोटात शिरते आणि बाहेरच्या गार कातडीच्या मागच्या बाजूला पाणी होते. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर ते वाळायलाही वाट नाही. लाकूड काळं पडतं, कुजतं, आणि भिंत वरून चकाचक दिसत राहते. म्हणून प्रत्येक भोकाची आतली कड सील करतात, आतल्या प्लायला वार्निशचे हात देतात. खालची कड तर सगळ्यात नाजूक. चाकांनी उडवलेलं रस्त्याचं पाणी तिथेच बसतं आणि प्लायची कापलेली कड स्ट्रॉसारखी पाणी ओढते. तिला इपॉक्सीसारख्या लेपाने बंद केल्याशिवाय भिंत उभी करत नाहीत.

वर्गात हे दाखवायला दोन स्टीलचे पेले, बर्फ आणि थर्माकोलची पातळ शीट पुरे. एका पेल्याला शीट अगदी घट्ट गुंडाळा आणि तिला एक छोटी खिडकी कापा. दुसऱ्याला सैल गुंडाळा. पहिल्याला घाम फक्त खिडकीत येतो. दुसरा वरून कोरडा दिसतो, पण शीट काढली की आत पाणी! पावसाळ्यात हा प्रयोग दहा मिनिटांत होतो, उन्हाळ्यात कोरड्या भागात जरा वेळ लागतो.

एवढी हवाबंद भिंत केल्यावर मग श्वास कसा घ्यायचा? हा प्रश्न मुलांकडून आला नाही तर आपण विचारावा. भिंत हवाबंद, पण खोली हवाबंद नको. छतात चौदा इंची चौकोनी झरोका आणि त्यात छोटा पंखा, आणि खाली एखादी खिडकी बोटभर उघडी. खालून कोरडी गार हवा आत, वरून दमट हवा बाहेर. हे आपलं अभिसरण. थोडी ऊब जाते, ती जाऊ द्यायची. आणि आत शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर पेटवायचा नाही. अडीच घनमीटरच्या बंद खोलीत अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. स्वयंपाकघर बाहेरच्या अंगाला असतं, त्याचा हा एक मोठा फायदा. फोमही पेट घेतला तर काळा दाट धूर सोडतो, म्हणून तो सगळीकडून प्लायने झाकलेलाच हवा. थंडीत खोलीची दारं-खिडक्या बंद करून शेगडी ठेवण्याची सवय आपल्याकडेही आहे. हा भाग शिकवताना पालकसभेत दोन मिनिटं तो विषय काढावा.

वर्गासाठी काय घ्यावं

इयत्ता पाचवीला दुर्वाहकांचा क्रम आणि पेल्यांचा प्रयोग पुरे. सातवीला क्षेत्रफळ, शेकडेवारी आणि पट्ट्यांचं गणित जोडता येतं. गट पाडून प्रत्येक गटाला पुठ्ठ्याचे दोन तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या आणि टीव्हीच्या खोक्यातून आलेला थर्माकोल द्यावा आणि एका फुटाची तीन थरांची भिंत बनवायला सांगावी. अट एकच, भिंतीत दार पाहिजे आणि ते कापून काढलेल्या तुकड्याचंच. भिंत वाळल्यावर दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये वह्या रचायच्या, किती पेलते ते मोजायचं. मग तीच भिंत बर्फाच्या ताटावर झाकण म्हणून ठेवायची आणि वरून हात फिरवून काड्या कुठे आहेत ते डोळे मिटून ओळखायचं. ओळखता आलं नाही तर बर्फाला अजून थोडा वेळ द्या, पुठ्ठा गार व्हायला लागतो तेवढा.